उपाहारगृहाविषयी मत देताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बाहेरच्या जेवणाविषयी आहेत. जेवण कसे होते यापेक्षा, त्याविषयीचे मत कसे बनवावे आणि ते कुठे, किती स्पष्टपणे मांडावे, याचीच चिंता बहुतेकांनी व्यक्त केली आहे. एकसारखी पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे वगळून, त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या परिसरातील उपाहारगृहांविषयी मी नियमितपणे मत नोंदवतो. नुकत्याच सुरू झालेल्या एका ठिकाणी पहिल्याच आठवड्यात आम्ही सहकुटुंब गेलो. जेवण उशिरा आले, दोन पदार्थ अळणी होते आणि मागवलेला एक पदार्थ शेवटपर्यंत आलाच नाही. मी पाचपैकी एक तारा दिला. ‘एकदाच जाऊन असे लिहिणे बरोबर नाही,’ असे माझ्या मुलीने मला सुनावले. आमच्यापैकी कुणाचे बरोबर आहे?

उत्तर : तुम्ही नोंदवलेल्या तिन्ही गोष्टी घडलेल्या आहेत आणि त्या लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तारा देताना मात्र मुलीचे म्हणणे अधिक रास्त ठरते, कारण तुम्हाला माहीत आहे ती एक रात्र आणि तारा बोलतो तो संपूर्ण उपाहारगृहाविषयी. अमेरिकेतील खाद्यपत्रकारांच्या संघटनेने समीक्षकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली होती, त्यांत नवे उपाहारगृह सुरू झाल्यावर किमान एक महिना थांबावे आणि मत लिहिण्यापूर्वी दोनदा, शक्यतो तीनदा तिथे जेवावे, असे सांगितले होते. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचे निरीक्षकही ओळख न देता जातात, स्वतःचे बिल स्वतः भरतात आणि त्यांच्या निकषांमध्ये जिन्नसांचा दर्जा व पाककौशल्य यांच्या जोडीला सातत्यही मोजले जाते : आज जसा पदार्थ मिळाला तसाच तो पुन्हा मिळतो का, आणि यादीतील एक पदार्थ चांगला असेल तर बाकीचेही त्याच तोडीचे आहेत का.

स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या साध्या ग्राहकाने तीनदा जावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण जे एकदाच पाहिले ते एकदाच पाहिले, असे लिहिता येते. ‘उघडून आठवडाही झाला नव्हता, सुट्टीची संध्याकाळ होती, सगळी टेबले भरलेली होती, आम्ही सहाजण होतो’ एवढी दोन वाक्ये तुमच्या मजकुरात असती, तर वाचणाऱ्याने त्याला किती वजन द्यायचे ते आपले आपण ठरवले असते. नव्या स्वयंपाकघरात पहिले काही आठवडे आचाऱ्यांचे हात एकमेकांशी जुळलेले नसतात, कोणता पदार्थ किती खपेल याचा अंदाज नसतो आणि वाढणाऱ्यांना टेबलांचे क्रमांकसुद्धा पाठ झालेले नसतात. यामुळे अळणी जेवण चवदार होत नाही, हे खरेच, पण तीच चूक पुढे राहील की नाही हे त्या आठवड्यात कळू शकत नाही.

ताऱ्यांचा परिणाम किती होतो, हेही पाहावे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या संकेतस्थळावरील सरासरी एका ताऱ्याने वाढली की उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या उपाहारगृहांवर दिसला आणि शाखांचे जाळे असलेल्या साखळ्यांवर दिसला नाही, कारण तिथे काय मिळते हे लोकांना आधीच ठाऊक असते. म्हणजे आपल्या ताऱ्याचा भार सर्वांत अधिक पडतो तो छोट्या, एकट्या मालकावर. दोन-तीन महिन्यांनी तुम्ही तिथे पुन्हा जावे आणि फरक पडला असेल तर जुने मत तसेच न ठेवता त्यात भर घालावी, असे मी सुचवेन. फरक पडला नसेल, तर तुमचा एक तारा तेव्हा पुरता सिद्ध झालेला असेल.

आणखी एक गोष्ट. जेवण, सेवा आणि जागा यांना मिळून एकच आकडा देण्याची पद्धत मला मुळातच सदोष वाटते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या, ग्राहकांच्या मतांवर आधारलेल्या झगाट सर्वेक्षणात या तीन बाबींना वेगवेगळे गुण दिले जात असत, तर मिशेलिनचा तारा केवळ ताटलीतील अन्नासाठी असतो. तुम्हाला एकच आकडा द्यावा लागत असेल, तर निदान शब्दांत तरी या बाबी वेगळ्या कराव्यात.

प्रश्न : जेवण बिघडले तर दोष आचाऱ्याचा, वाढणाऱ्याचा की मालकाचा, हे टेबलावर बसलेल्या माणसाला कसे कळावे? आम्ही तर समोर येईल त्यालाच बोलतो.

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, कारण समोर येणारा माणूस म्हणजे वेटर, आणि स्वयंपाकघरातील प्रत्येक चुकीचे बोल त्याला खावे लागतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. सुदैवाने ताटली नीट पाहिली तर ती बरेच काही सांगते.

त्यासाठी पदार्थाचा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. मोठ्या स्वयंपाकघरांत कामाची विभागणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात फ्रेंच आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी रुळवलेली ही घडी आजही अनेक ठिकाणी दिसते : भाजणारा वेगळा, तळणारा वेगळा, रस्से व सॉस करणारा वेगळा, थंड पदार्थ मांडणारा वेगळा. एका टेबलावरच्या चार ताटल्या अशा चार हातांतून येतात, पण ग्राहकाच्या पुढे त्या एकाच वेळी याव्या लागतात. जी आधी तयार होते ती स्वयंपाकघर आणि दालन यांच्या मधल्या फळीवर, बहुधा उष्णता देणाऱ्या दिव्याखाली, उरलेल्या तिघींची वाट पाहत थांबते. बिघाडाचा मोठा वाटा या थांबण्यात असतो.

म्हणून ताटली आली की आधी तिची कड पाहा. रस्स्याच्या काठाने वाळलेली गडद रेघ उमटली असेल, वर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा असेल, ताटलीची कड हाताला चटका देत असेल आणि खालचा भात मात्र कोमट असेल, तर तो पदार्थ दिव्याखाली बराच वेळ उभा होता. आचाऱ्याने तो नीट केलाही असेल, पण चार ताटल्यांची वेळ जुळली नाही किंवा त्या उचलायला कुणी मोकळे नव्हते. याउलट, कडेला वाफ येत असेल आणि चमचा मधोमध खुपसला की आत गारठा लागत असेल, तर आधी करून ठेवलेला पदार्थ घाईघाईने, बहुधा मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला असतो. हा दोष स्वयंपाकघराचा आहे, आणि तो आरोग्याच्या दृष्टीनेही दुर्लक्षून चालणार नाही.

तळलेल्या पदार्थांचे निदान तर आणखी सोपे असते. तळणासाठी तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. त्याहून फार तापले की पदार्थ बाहेरून काळवंडतो आणि आत कच्चट राहतो. तेल पुरेसे तापलेले नसले, किंवा एकाच वेळी कढईत फार नग सोडल्यामुळे ते निवले, तर कवच लवकर धरत नाही, रंग फिकट राहतो आणि पदार्थ तेलकट होऊन कागदावर डाग सोडतो. तिसरी शक्यता म्हणजे रंग ठीक, कुरकुरीतपणा ठीक, पण घशात खवट वास रेंगाळतो. तेल वेळेवर बदलले जात नाही, असा त्याचा अर्थ असतो, आणि तेल किती दिवसांनी बदलायचे हे बहुतेक ठिकाणी आचारी ठरवत नाही, मालक ठरवतो. त्यामुळे मत लिहिताना ‘आचाऱ्याला तळता येत नाही’ असे न लिहिता ‘तेल जुने वाटले’ असे लिहावे.

मिठाचेही तसेच आहे. एकच पदार्थ अळणी असेल तर एका माणसाची नजरचूक मानावी, पण सगळेच अळणी किंवा सगळेच खारट असतील तर त्या स्वयंपाकघरात बाहेर पाठवण्यापूर्वी कुणी चव घेत नाही, असे समजायला हरकत नाही. कोशिंबिरीच्या भाज्या मलूल होऊन तळाशी पाणी साचले असेल, तर मीठ किंवा आंबट रस आधीच मिसळून ठेवला होता.

सेवेविषयी मत बनवण्यापूर्वी एकदा मान वर करून दालनात नजर फिरवावी. एकच माणूस सगळी टेबले सांभाळत धावत असेल आणि तुमच्याकडे यायला त्याला वेळ लागत असेल, तर ती माणसे कमी ठेवणाऱ्याची काटकसर आहे. चार वाढपी भिंतीला टेकून गप्पा मारत असतील आणि तुमचा पेला रिकामाच असेल, तर मात्र तो निष्काळजीपणा आहे आणि तसे स्पष्ट लिहावे. चुकीचा पदार्थ आला तर ऑर्डर घेताना ती लिहून घेतली होती का, पुन्हा वाचून दाखवली होती का, हे आठवून पाहावे. तसे केलेले नसेल, तर ती त्या ठिकाणच्या शिस्तीतील उणीव आहे आणि ती सुधारणे व्यवस्थापकाचे काम आहे.

एक आग्रहाची विनंती. तक्रारीच्या मजकुरात वाढणाऱ्याचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असे वर्णन देऊ नये. ते बोलणे व्यवस्थापकाशी समोरासमोर व्हावे. जाहीर मजकुरात नाव आले की कधी कधी त्या माणसाची नोकरी जाते आणि ज्या व्यवस्थेमुळे चूक घडली ती जशीच्या तशी राहते. कौतुक करताना मात्र नाव खुशाल द्यावे.

प्रश्न : जेवण आवडले नाही तर तिथेच सांगावे का? माझे पती वेटरने विचारले की ‘छान आहे’ म्हणतात आणि घरी आल्यावर मोठा नाराजीचा मजकूर लिहून प्रसिद्ध करतात. मला हे पटत नाही.

उत्तर : तुम्हाला पटत नाही हे योग्यच आहे. सांगायचे तर दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच सांगावे, ताटली रिकामी झाल्यावर नव्हे. आवाज न चढवता, नेमके काय हवे ते एका वाक्यात सांगितले की पुरते : ‘रस्सा कोमट आहे, गरम करून मिळेल का?’ किंवा ‘हा तुकडा आत कच्चा आहे, बदलून द्या.’ मांस किंवा मासा कच्चा असेल तर संकोच करूच नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार अन्नाच्या आतल्या भागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत पोचले पाहिजे, आणि हे काम पुन्हा विस्तवावर ठेवल्यावाचून होत नाही.

तुमच्या पतींना हेही सांगा की तक्रारीनंतर काय होते, हाच मत देण्यासाठी सर्वांत मोलाचा ऐवज असतो. चूक कुठेही होते. ती सांगितल्यावर ताटली मुकाट्याने बदलून देणारे, कारणे सांगणारे आणि ग्राहकालाच खोटे पाडणारे अशा तिघांतला फरक वाचणाऱ्याला कळायला हवा. तिथे काही न बोलता घरी येऊन लिहिले, तर हा फरक कळण्याची संधीच जाते.

प्रश्न : बाहेर जेवून आलो आणि मध्यरात्रीपासून घरातल्या दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्या उपाहारगृहाचे नाव घेऊन इतरांना सावध करणे हे आमचे कर्तव्य नाही का?

उत्तर : तुमच्या त्रासाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. तरीही नाव जाहीर करण्यापूर्वी थोडे थांबा, कारण शेवटचे जेवण हेच आजाराचे कारण असते असे नाही. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाने होणारा त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत सुरू होतो, नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणे साधारणतः १२ ते ४८ तासांनी दिसतात आणि साल्मोनेला हा जिवाणू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उफाळू शकतो. म्हणजे रात्रीच्या आजाराचे मूळ त्या संध्याकाळच्या ताटात असू शकते, आदल्या दिवशीच्या घरच्या जेवणात असू शकते किंवा शाळेतून, कार्यालयातून आलेल्या संसर्गातही असू शकते.

संशयाला बळ देणाऱ्या काही खुणा मात्र असतात. जे दोघे आजारी पडले त्यांनीच एखादा पदार्थ खाल्ला होता आणि बाकीच्यांनी खाल्ला नव्हता का, हे आठवा. त्या पदार्थात शिजवून बराच वेळ बाहेर ठेवलेला भात होता का, हेही पाहा. बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यानंतरही टिकून राहतात, भात खोलीच्या तापमानाला तासन्तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्याच्या उलट्या अर्ध्या तासापासून सहा तासांत सुरू होतात. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम यासाठीच आहे.

आधी डॉक्टरांकडे जा. विशेषतः लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत अंगातले पाणी कमी होणे धोक्याचे असते. डॉक्टरांनी सांगितल्यास शौचाची तपासणी करून घ्या, बांधून आणलेले अन्न उरले असेल तर ते झाकून शीतकपाटात ठेवा, बिल जपून ठेवा आणि तुमच्याकडील अन्नसुरक्षा किंवा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवा. त्या दिवशी तिथे जेवलेल्या इतरांच्याही तक्रारी एकत्र करून स्वयंपाकघराची तपासणी करण्याचा अधिकार त्यांना आहे आणि इतरांना सावध करण्याचे तुमचे कर्तव्य त्या मार्गाने अधिक परिणामकारकपणे पार पडते. स्वयंपाकघरात किंवा ताटात जी अस्वच्छता तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल, ती मात्र आजही निःसंकोचपणे लिहा.

प्रश्न : माझ्या वयस्कर वडिलांना एका नव्या ठिकाणचे सगळेच जेवण बेचव लागले, पण आम्हा बाकीच्यांना ते आवडले. तिथे संगीत फार मोठ्याने लावलेले होते. याचा काही संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. मोठ्या पार्श्वध्वनीत जेवणाऱ्यांना गोडी आणि खारटपणा कमी जाणवतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वाढत्या वयात गंधाची जाण मंदावते आणि चवीचा मोठा भाग गंधावरच अवलंबून असतो, त्यामुळे वडिलांना तुमच्यापेक्षा अधिक फरक पडला असेल. शिवाय शेजारच्याचे बोलणे ऐकण्यासाठी सतत कान देत बसावे लागले की जेवणाकडे लक्ष राहत नाही.

मताच्या मजकुरात आवाजाचा उल्लेख जरूर करावा, आणि तो ‘गोंगाट होता’ एवढ्यावर न सोडता समोरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत होता का, कोपऱ्यातील टेबल शांत होते का, विनंती केल्यावर संगीत कमी केले का, हे सांगावे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जाणाऱ्यांना ही माहिती पदार्थांच्या यादीहून अधिक उपयोगी पडते. त्या ठिकाणी वडिलांना पुन्हा न्यायचे असेल तर गर्दी होण्यापूर्वीच्या वेळी जा.

प्रश्न : मी लिहिलेल्या प्रतिकूल मतानंतर मालकांनी फोन करून ‘ते काढून टाका, पुढच्या वेळी सर्वांचे जेवण आमच्याकडून’ असे सांगितले. ते भले गृहस्थ वाटले. काय करावे?

उत्तर : निमंत्रण नाकारा, मजकूर ठेवा. मालक भले असतीलही, पण जेवणाच्या मोबदल्यात काढलेले मत वाचणाऱ्यांची फसवणूक करते, कारण काय काढले गेले हे त्यांना कधीच कळत नाही. ग्राहकांची मते कशी गोळा करावीत आणि प्रसिद्ध करावीत यासाठी आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ पासून अस्तित्वात आहे, ते अशा व्यवहारांमुळे मतांवरचा विश्वास उडू लागला म्हणूनच. मालकांना सांगा की तुम्ही पुन्हा याल, स्वतःचे बिल स्वतः भराल आणि सुधारणा दिसली तर ती त्याच मजकुराखाली तारखेसह लिहाल.

प्रश्न : वाईट जेवणाविषयी दोन पाने लिहिता येतात, पण चांगल्या जेवणाविषयी ‘अप्रतिम’ आणि ‘नक्की जा’ यापलीकडे सुचत नाही. काय लिहावे?

उत्तर : एकच पदार्थ निवडा आणि तो पुन्हा मागवाल तर कशासाठी, एवढेच लिहा. भाजणीचा खरपूस थर होता आणि आतला रस टिकला होता, रस्सा दाट असूनही पीठ लावल्यासारखा चिकट लागत नव्हता, सूप शेवटच्या चमच्यापर्यंत गरम राहिले कारण भांडे आधी तापवलेले होते, अशा एका वाक्यातून आचाऱ्याचे कसब वाचणाऱ्याला दिसते.

सेवेचेही तसेच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी दाखवून दिले की एखाद्या अनुभवाची आठवण बव्हंशी त्यातील सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण यांवरून ठरते. बिलासाठी अर्धा तास ताटकळलो की उत्तम जेवणसुद्धा नाराजीत बुडते, आणि शेवटी गोड बोलून कुणी निरोप दिला की मधली गैरसोय विसरली जाते. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आरंभापासून एकदा आठवून पाहा : टेबल मिळायला लागलेला वेळ, पहिले पाणी, ऑर्डर घेणाऱ्याला पदार्थांची असलेली माहिती. एखाद्या जिन्नसाची अॅलर्जी असल्याचे सांगितल्यावर ‘नाही, नाही, काही घातलेले नाही’ असे अंदाजाने सांगण्याऐवजी जो वाढपी आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो, त्याच्याविषयी आवर्जून लिहावे, कारण अॅलर्जी असलेल्या दुसऱ्या एखाद्याला कुठे निर्धास्तपणे जेवता येईल, हे त्या एका ओळीवरून कळते.